खोडलेल्या किमतीची गोष्ट

डिसेंबर लागला की सगळीकडे 'इयर एंड सेल'च्या पाट्या लागतात. दुकानात, मॉलमध्ये, मोबाईलवर. प्रत्येक पाटीवर दोन आकडे असतात. एक मोठा, लाल, म्हणजे आजचा भाव. दुसरा बारीक, मधून रेघ मारलेला, म्हणजे 'मूळ' भाव. आपण सगळे लाल आकड्याकडे बघतो. पण सेलचा सगळा खेळ चालतो तो त्या खोडलेल्या आकड्यावर. तो काढून टाका, 'पन्नास टक्के सूट' या शब्दांना काही अर्थच उरत नाही. पन्नास टक्के, पण कशाचे?

म्हणून आज त्या खोडलेल्या आकड्याचा इतिहास सांगतो. थोडं लांबेल, पण खरेदीला बाहेर पडायच्या आधी वाचा.

सुरुवात करू १९७२ पासून. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ होता. धान्य, तेल, रॉकेल, साखर, सगळ्याचीच टंचाई. दुकानदार सांगेल तो भाव. मुंबईत महागाईविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, हातात लाटणी आणि थाळ्या घेऊन. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांच्या पुढारी, पण या प्रश्नावर एकत्र आल्या. तो लाटणं मोर्चा आजही जुन्या लोकांच्या आठवणीत आहे. त्याच काळात, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत साधी होती. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याला काय लागतं त्याची यादी द्यायची, संस्थेने तो माल एकत्र घाऊक भावात घ्यायचा आणि घरांमध्ये वाटायचा. यादी आधी, खरेदी नंतर. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

टंचाईच्या या दिवसांत सरकारने १९७६ साली वजन-मापांचा नवा कायदा केला आणि १९७७ मध्ये त्याखाली पाकीटबंद वस्तूंचे नियम आणले. पाकिटावर आत काय आहे, किती आहे, कोणी बनवलं, कधी बनवलं आणि किंमत काय, हे छापणं बंधनकारक झालं. आज आपल्याला हे इतकं सवयीचं आहे की पूर्वी असं नव्हतं यावर विश्वास बसत नाही. पण बंद डब्यात नेमकं काय, किती आणि केवढ्याला, हे गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या तोंडून नव्हे तर डब्यावरूनच कळावं, ही त्या काळात मोठीच गोष्ट होती.

त्या नियमांत एक फट मात्र राहिली. कंपनीला दोन पर्याय होते. सगळे कर धरून कमाल किंमत छापा, नाहीतर किंमत छापून पुढे लिहा, 'स्थानिक कर वेगळे'. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना ही ओळ नक्की आठवत असेल. स्थानिक कर म्हणजे नक्की किती, हे गिऱ्हाइकाला कुठे माहीत? दुकानदार सांगेल तेवढे. एकाच साबणाला या गल्लीत एक भाव, त्या गल्लीत दुसरा. तक्रारी वाढत गेल्या आणि १९९० मध्ये नियम बदलला. आता एकच आकडा, सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत. आपली रोजची एमआरपी ती हीच.

यातला 'कमाल' हा शब्द नीट बघा. एमआरपी ही वरची मर्यादा होती. याच्या वर एक पैसाही घ्यायचा नाही, खाली कितीही विका. टंचाईच्या काळात गिऱ्हाइकाची लूट होऊ नये म्हणून बांधलेलं ते छत होतं.

पण ते छत किती उंच बांधायचं, हे कोण ठरवणार? तर कंपनी स्वतः. औषधांसारख्या काही गोष्टी सोडल्या तर एमआरपी किती असावी यावर सरकारी बंधन नाही. टंचाई होती तोवर त्याने फारसं बिघडत नव्हतं, कारण माल छापील किमतीलाच विकला जायचा. १९९१ नंतर चित्र बदललं. दुकानं मालाने भरली, कंपन्या वाढल्या, मॉल आले. आता गिऱ्हाइकाला ओढायचं होतं. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की छापील किंमत जितकी जास्त, तितकी सूट मोठी दाखवता येते. ज्या आकड्याच्या वर जायचं नाही म्हणून तो छापला होता, तोच आकडा सूट मोजायला धरला जाऊ लागला. कायदा मोडला का? नाही. विक्री एमआरपीच्या खालीच चाललीय. फक्त ज्या आकड्याने गिऱ्हाइकाचं रक्षण करायचं, तोच आता गिऱ्हाइकाला भुरळ घालतोय.

एक हिशेब करून बघू. समजा एका मिक्सरवर छापील किंमत ४,००० रुपये आहे. वर्षभर तो बाजारात २,४०० ला मिळतो. डिसेंबरच्या सेलमध्ये तो २,२०० ला लावला आणि पाटी लावली, '४५ टक्के सूट'. पाटी खोटी नाही, चार हजारांवर पंचेचाळीस टक्के म्हणजे अठराशे, बरोबर. पण तुमचे खरे वाचले किती? दोनशे रुपये. म्हणजे जेमतेम आठ टक्के.

याच्या शेजारी जुन्या काळातली एक सूट ठेवून बघा. गांधी जयंतीला खादी भांडारात मिळणारं 'रिबेट'. आपल्या आधीच्या पिढीतले लोक कुर्त्याचं कापड, सतरंज्या, चादरी घ्यायला त्या दिवसांची वाट बघायचे. खादीचा भाव कापूस, सूतकताई, विणकाम यांच्या खर्चावरून ठरलेला असायचा आणि त्यावरच्या रिबेटची भरपाई सरकार संस्थांना द्यायचं. म्हणजे त्या सवलतीमागे कोणीतरी खरोखर खिशातून पैसे भरत होतं. खोडलेला आकडा आधी खराच भाव होता. (ही पद्धतही २०१० मध्ये बदलली आणि रिबेटच्या जागी वेगळं अर्थसाहाय्य आलं.)

मग खोट्या सवलतींबद्दल कायदा काय म्हणतो? कायदा आहे, आणि बराच जुना आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने १९७८ मध्येच सांगितलं होतं की मक्तेदारीविरोधी कायद्यात ग्राहकाला फसवणाऱ्या जाहिरातींचा बंदोबस्त नाही, तो करा. १९८४ मध्ये त्या कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आल्या. एखादी वस्तू नेहमी ज्या भावाला विकली जाते त्याबद्दल लोकांची दिशाभूल करणं, सवलतीच्या भावाची जाहिरात करायची पण त्या भावाला माल द्यायचा इरादाच नसणं, हे सगळं त्यात बसलं. पुढे २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. योगायोग बघा, ऐन सेलच्या गर्दीत येतो. २०१९ च्या नव्या कायद्यातही या तरतुदी कायम आहेत.

अडचण सिद्ध करण्याची आहे. वस्तू 'नेहमी' कितीला विकली जाते, हे एकटा गिऱ्हाईक कसं दाखवणार? मागच्या महिन्यातला भाव कोणी लिहून ठेवलाय? युरोपीय संघाने यावर सोपा उपाय काढला. २८ मे २०२२ पासून तिथे नियम लागू आहे की भाव कमी केल्याची जाहिरात करायची असेल, तर आधीच्या किमान ३० दिवसांतला सगळ्यात कमी भाव सोबत दाखवायचा. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं की सवलतीचे टक्केसुद्धा त्याच भावावर मोजायचे. म्हणजे सेलच्या आधी भाव चढवून मग उतरवायची सोयच राहिली नाही. आपल्याकडे एमआरपी आहे, पण असा दिवस मोजून दिलेला नियम नाही.

आता मोबाईलवरच्या सेलकडे येऊ. १२ डिसेंबर २०१२ ला गुगलने भारतातल्या अनेक ऑनलाईन दुकानांना घेऊन एक दिवसाचा मोठा महोत्सव केला. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टचा पहिला 'बिग बिलियन डे' झाला. साइट कोलमडली, माल संपला, आणि सेलच्या तोंडावर भाव वाढल्याच्याही तक्रारी झाल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली. तेव्हापासून सेल म्हणजे घड्याळ. 'फक्त १२ मिनिटं उरली', 'शेवटचे दोन नग'. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादी काढून त्यांवर बंदी घातली. खोटी घाई लावणं, न विचारता टोपलीत वस्तू घुसवणं, शेवटच्या पानावर जादा आकार लावणं, हे सगळं त्यात आहे. एमआरपीच्या बाबतीतही २०१८ पासून ऑनलाईन विक्रेत्याला ती दाखवावीच लागते, आणि एकाच वस्तूच्या तशाच पाकिटावर दोन वेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत.

आणखी एक निकाल सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. एमआरपीवर सूट जाहीर करायची आणि बिल करताना उरलेल्या रकमेवर पुन्हा कर लावायचा, असा प्रकार सर्रास चालायचा. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ही अनुचित प्रथा ठरवली. कारण सरळ आहे, एमआरपीत कर आधीच धरलेला असतो. हजाराच्या वस्तूवर '४० टक्के सूट' म्हटलं की सहाशे द्यायचे. सहाशे अधिक कर नाही.

तर मंडळी, या सगळ्यातून आपण काय घ्यायचं?

एक, यादी आधी, खरेदी नंतर. ग्राहक पंचायतीचं पन्नास वर्षांपूर्वीचं शहाणपण आजही तेवढंच कामाचं आहे. यादीत नसलेली वस्तू निम्म्या किमतीत मिळाली तरी निम्मे पैसे गेलेच.

दोन, खोडलेला आकडा विसरा. घ्यायची वस्तू ठरली की आजच तिचा भाव वहीत लिहा किंवा मोबाईलवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. सेलच्या दिवशी तुलना करायची ती याच्याशी. सरकारने ३० दिवसांचा नियम केला नसेल, पण आपल्या घरापुरता आपण करू शकतो.

तीन, टक्क्यांची बेरीज करू नका. '५० अधिक २०' म्हणजे सत्तर नव्हे. हजारचे पाचशे झाले, पाचशेवर वीस टक्के म्हणजे शंभर, उरले चारशे. सूट झाली साठ टक्के. 'दोनवर एक फुकट' म्हणजे तेहतीस टक्के, आणि तीही तिन्ही वस्तू लागत असतील तरच.

चार, पाकिटावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष बघा. वर्षअखेरीस जुना साठा काढायचा असतो. कपड्यांना त्याने फरक पडत नाही. खाण्याच्या वस्तू, सौंदर्यप्रसाधनं, बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंना पडतो. २०२१ च्या दुरुस्तीने पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो असा दरही द्यायला सांगितलाय. मोठ्या 'ऑफर' पाकिटाचा आणि साध्या पाकिटाचा तो दर ताडून बघा.

पाच, पक्कं बिल घ्या. बिल नाही तर तक्रार नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात तक्रार करायला शुल्क लागत नाही.

शेवटी एवढंच. पाकिटावरची किंमत आपल्याला कोणी दयेने दिलेली नाही. टंचाईच्या काळात लोक भांडले, बायका लाटणी घेऊन उतरल्या, तक्रारी झाल्या, तेव्हा एक एक ओळ कायद्यात आली. 'स्थानिक कर वेगळे' ही ओळ जायलाही तेरा वर्षं लागली. आता पुढची ओळ हवी आहे, सूट जाहीर करायची तर मागच्या तीस दिवसांतला सगळ्यात कमी भाव शेजारी दाखवा. येत्या २४ डिसेंबरला ग्राहक दिनाचे कार्यक्रम तालुक्यातालुक्यात होतील, भाषणं होतील. तिथे उभं राहून ही मागणी करायला काय हरकत आहे?

तुमच्या भागातल्या सेलमध्ये कुठल्या वस्तूचा आधीचा आणि आत्ताचा भाव तुम्ही टिपलाय, ते खाली कमेंटमध्ये लिहा. वस्तू आणि दोन आकडे, बास. आपल्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र आल्या की खोडलेला आकडा किती खरा, ते आपल्यालाच कळेल.