घामाची खोली : तालमीपासून हॉट पिलाटीजपर्यंत

मोठ्या शहरांत सध्या बायकांमध्ये एका व्यायामाची फार चर्चा आहे. त्याचं नाव हॉट पिलाटीज. खोली हीटरनं 35 अंशांच्या आसपास तापवायची, दार लावायचं, चटईवर पडून पोट, पाठ आणि कंबर बळकट करणारे व्यायाम करायचे आणि घामानं चिंब होऊन बाहेर पडायचं. यासाठी बायका पैसे मोजतात हे ऐकून हसू येईल. आपली पत्र्याची खोली मे महिन्यात फुकटच तापते! पण कोल्हापूरच्या माणसाला यात नवल वाटू नये. बंद खोलीत घाम गाळायची रीत आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहे. फक्त ती खोली बायकांची नव्हती.

मोतीबाग, गंगावेश ही तालमींची नावं आपल्याला पाठ आहेत. राजर्षी शाहू महाराज 1894 साली गादीवर आले आणि त्यांनी कुस्तीला राजाश्रय दिला. देशभरातले मल्ल इथं आले. 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं. जुन्या तालमीची खोली आठवा. बुटकं दार, मोजके झरोके, मध्ये तांबड्या मातीचा हौद. त्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालायचे. पहाटे जोर-बैठका झाल्या की अंगातून घामाच्या धारा लागायच्या, मग अंगाला माती चोळायची. घाम निघाला की अंग मोकळं होतं हे वस्ताद सांगायचे, ते आज हॉट पिलाटीजवाले सांगतात.

पोराला तालमीत घाम गाळायला जागा होती, वेळ होती, वर दूध-बदामाचा खुराक होता. त्याची आई-बहीणही घाम गाळत होती, पण चुलीपुढं आणि उसाच्या भांगलणीत. हौदाच्या मातीत तिनं पाय ठेवायचा नाही, असा रिवाज होता.

तो रिवाज मोडणारी एक बाई 1950च्या दशकात गाजली. हमीदा बानू तिचं नाव, मूळची उत्तर प्रदेशातली. ती पुरुष पैलवानांशी कुस्ती खेळायची. 1954 साली बडोद्यात तिनं बाबा पहिलवानाला दोन मिनिटांच्या आत हरवलं. आपल्या कोल्हापुरात तिनं एका मल्लाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवून तिच्यावर दगड फेकले. कुस्तीवर जीव टाकणाऱ्या आपल्या गावाच्या इतिहासात हेही आहे, ते विसरू नये.

त्याच्या थोडं आधी, शेजारच्या औंध संस्थानात वेगळं चित्र होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. मुलांबरोबर मुलींनीही ते घालावेत असा त्यांचा आग्रह होता. राणीसाहेबही रोज सूर्यनमस्कार घालत. त्याला ना हौद लागत होता ना यंत्र. अंथरलेली एक घोंगडी पुरत होती.

पिलाटीज हे एका माणसाचं आडनाव आहे. जोसेफ पिलाटीज 1883 साली जर्मनीत जन्मला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्याला छावणीत डांबलं. तिथं तो बरोबरच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. पुढं न्यूयॉर्कला जाऊन त्यानं आणि क्लारा या त्याच्या जोडीदारणीनं व्यायामशाळा काढली. नाचणारी मंडळी दुखरी पाठ, मुरगळलेले पाय घेऊन तिथं यायची. 1967 साली जोसेफ वारल्यावर क्लारानं काम पुढं चालवलं. श्वासावर लक्ष आणि प्रत्येक हालचालीवर ताबा, हे त्या व्यायामाचं मूळ. खोली तापवायची पद्धत मात्र त्याची नव्हे. 1970च्या दशकात कोलकात्याच्या बिक्रम चौधरींनी अमेरिकेत 40 अंशांच्या खोलीत योगासनं शिकवायला सुरुवात केली. त्या गरम योगानंतर गरम पिलाटीज आलं.

आता फायद्याचं बोलू. उबेत स्नायू सैल होतात, अंग वाकायला सोपं जातं. पोट-पाठीचे स्नायू बळकट झाले की कंबरदुखीला आराम पडतो, आणि वाकून भात लावणाऱ्या बाईला हे महत्त्वाचं आहे. पण काट्यावर लगेच कमी दिसणारं वजन म्हणजे अंगातलं पाणी. दोन तांबे पाणी प्यालं की ते परत येतं. घामातून पाणी आणि मीठ जातं, चरबी जात नाही. खरा फायदा व्यायामाचा, उष्णतेचा थोडाच. पोटुशी बाई, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेली, चक्कर येणारी, यांनी गरम खोलीच्या वाटेला जाऊ नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर व्यायाम पहाटेच्या गारव्यातच करावा.

मग बायका त्या खोलीत का जातात? मला वाटतं, ओढ उष्णतेपेक्षा लावलेल्या दाराची असते. तासभर कुणी हाक मारत नाही, कुणी बघत नाही, फोन बाहेर असतो. बचत गटात व्यायामाचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : “दिवसभर राबतोय की, वेगळा व्यायाम कशाला?” राबण्यानं एकाच बाजूचे स्नायू झिजतात, व्यायामानं सगळं अंग सावरतं. पैलवानही शेतात राबायचा, तरी तालमीत जायचाच.

दिवस बदलताहेत. मार्च 2023मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली. जिथं हमीदा बानूवर दगड पडले, त्याच मुलखात मुलीवर टाळ्या पडल्या. पण गदा एकीलाच मिळते, कंबर सगळ्यांचीच दुखते. म्हणून प्रत्येक गटानं ग्रामपंचायतीकडं एवढंच मागावं : समाजमंदिराची किंवा शाळेची खोली, आठवड्यातून तीन सकाळी, एक तास, फक्त बायकांसाठी. हीटर नको. चटई घरून आणू, दार मात्र आतून लावता आलं पाहिजे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव वहीत लिहा.