मुक्या तारेची वाचा

कारखानदारीचा इतिहास लिहिताना आपण यंत्रांची नावे लिहितो, मालकांचीही लिहितो. त्या यंत्रांवर पहारा करणाऱ्या तारेचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. माझे अर्धे आयुष्य नाशिकच्या सातपूर भागात अशा तारा तपासण्यात गेले. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी ही हकीकत ठेवण्याचा थोडासा हक्क मला आहे, असे मी मानतो.

प्रश्न साधा आहे. बॉयलरपाशी धोक्याचे बटण, दूरच्या खोलीत घंटा आणि मध्ये दोनशे हात तार. घंटा वाजत नाही, म्हणजे सारे क्षेम आहे, की उंदराने तार कुरतडली आहे? दोन्हींचे मौन सारखेच! घरच्या घंटीचेही असेच असते; पण तिथे फार तर पाहुणा रुसेल, कारखान्यात माणसे जातील.

या कोड्याचे नामी उत्तर रेल्वेने दिले. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने १८७० साली, गाडी आली की प्रवाह सुरू होऊन सिग्नल धोका दाखवील, अशी योजना केली. तिच्यात खोट ही, की तार तुटली तर सिग्नल 'रस्ता मोकळा' असेच सांगे. १८७२ साली त्याने सारी योजनाच उलटी केली. रुळांतून प्रवाह अखंड वाहता ठेवला आणि त्या प्रवाहाच्या बळावरच सिग्नल 'मोकळा' राहू दिला. गाडी आली की प्रवाह तिच्या चाकांतून परतायचा आणि सिग्नल धोक्यावर जायचा. रूळ तुटला, तार तुटली, बॅटरी संपली, तरी तेच! आपल्याकडे १९२८ साली बोरीबंदर ते भायखळा स्वयंचलित रंगीत सिग्नल लागले, त्यांच्या मुळाशी हीच युक्ती.

दिवाळीतली विजेची जुनी माळ आठवा. एक दिवा गेला की सारी माळ अंधारी! आपण वैतागतो, पण पहारेकऱ्याच्या अंगी नेमका हाच गुण हवा.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि पुढे त्र्यंबक रस्त्यालगत सातपूरला कारखाने उभे राहिले. अशा कारखान्यांत तारेला दुसरीही व्याधी जडते. आवरण झिजून दोन तारा एकमेकींना चिकटतात. मग बटण दाबले तरी प्रवाह थांबतच नाही. त्यावर उपाय म्हणून तारेच्या टोकाला, बटणापाशीच, दोन रेझिस्टर बसवितात. रेझिस्टर म्हणजे विजेला अडविणारा लहानसा मणी. मग तार चार गोष्टी बोलू लागते. ठरलेला प्रवाह, म्हणजे क्षेम. त्याहून ठरावीक कमी, म्हणजे बटण दाबले. शून्य, म्हणजे तार तुटली. बेसुमार, म्हणजे तारा चिकटल्या. मापनयंत्रांचेही तसेच. टाकी रिकामी असताना ४ मिलिअँपियर, भरली की २०. शून्य आले, तर टाकी रिकामी नव्हे, तार गेली!

काही ठिकाणी सोयीसाठी हे मणी पॅनेलमध्येच बसविलेले मी पाहिले आहेत. मग तपासणी होते ती पॅनेलची. बाहेरची तार पुन्हा मुकीच.

साधन असणे निराळे आणि ते जागे असणे निराळे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला, त्या रात्री टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. पुढे १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले गेले.

पण कायदा रात्रपाळीला हजर नसतो. बिघाडाचा पिवळा दिवा लागतो, यंत्र थांबते, माल अडतो. अशा वेळी एखादा पोरगा म्हणतो, "काका, तेवढे डायरेक्ट करा ना!" म्हणजे दोन टर्मिनलांत तारेचा तुकडा अडकवा आणि पहारेकऱ्याचे तोंड बंद करा. मी म्हणे, "बाळा, दिवा विझेल, पण बिघाड तिथेच राहील." मग बॅटरी घेऊन आम्ही दोघे तारेच्या मागोमाग निघत असू. कधी पाणी शिरलेला डबा सापडे, कधी सैल स्क्रू. तासभर जाई, वरून बोलणीही खावी लागत.

वाचकहो, तुमच्या घरचे कोणी पाळीवरून उशिरा आले, तर तो तास कदाचित अशाच एखाद्या तारेपायी गेला असेल. त्याबद्दल त्याला बोल लावू नका, चहा टाका.