मैफलीचा व्हिडिओ साधन म्हणून कसा वाचायचा? आयर्न मेडनच्या जुन्या चित्रफिती आणि मुंबईची एक संध्याकाळ

पेटची तयारी करणाऱ्या नांदेड-लातूरकडच्या मित्रमैत्रिणींचा एक प्रश्न ठरलेला असतो: व्हिडिओ प्राथमिक साधनात धरायचा का दुय्यम? याचं उत्तर व्हिडिओगणिक बदलतं, कधीकधी एकाच व्हिडिओत मिनिटागणिक बदलतं. ते समजून घ्यायला आज जरा लांबचं उदाहरण घेऊ. आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड. हेवी मेटल म्हणजे रॉक संगीतातला दणदणाटी प्रकार: कर्कश इलेक्ट्रिक गिटार, वेगवान ड्रम, वरच्या पट्टीतला गायक. आवडत नसेल तरी वाचा, आपल्याला तारखांशी काम आहे.

स्टीव्ह हॅरिस या बास गिटारवाल्याने १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये हा बँड काढला. २१ डिसेंबर १९८० ला लंडनच्या रेनबो थिएटरमधल्या त्यांच्या कार्यक्रमाचं चित्रण झालं आणि पुढच्या वर्षी ते व्हिडिओ कॅसेटवर आलं. तेव्हा गायक होता पॉल डिॲनो. सातच गाणी, अर्ध्या तासाचा मामला. त्यात 'किलर्स' नावाचं गाणं आहे. याच नावाचा अल्बम फेब्रुवारी १९८१ मध्ये आला, म्हणजे चित्रणानंतर साधारण दीड महिन्याने. आता दोन्ही लागोपाठ ऐका. शब्द वेगळे आहेत! अल्बम हाताशी असताना व्हिडिओ कशाला बघायचा, असं कुणी विचारलं तर हे दाखवा. छापील पुस्तक घरात असताना एखाद्या दफ्तरात त्याचा खाडाखोड केलेला मसुदा सापडावा, तसं हे आहे. मला विचाराल तर या बँडच्या सगळ्या चित्रफितींत संशोधकाच्या कामाची हीच पहिली.

दुसरं उदाहरण २० मार्च १९८२ चं, लंडनच्याच हॅमरस्मिथ ओडियनमधलं. गायक बदललाय, आता ब्रूस डिकिन्सन आहे. नवा अल्बम बाजारात आला २२ मार्चला. म्हणजे समोरच्या गर्दीला त्यातली बरीच गाणी नवीन होती. पण हे चित्रण विस्ताराने लोकांपुढे आलं ते २००४ मध्ये, 'द अर्ली डेज' या डीव्हीडी संचात. तोवर ही गाणी चाहत्यांना तोंडपाठ झालेली. आज आपण बघताना 'ऐतिहासिक रात्र' म्हणून बघतो. त्या रात्री बसलेल्यांना तसं वाटायचं काही कारण नव्हतं. म्हणून माझ्या नोंदवहीत प्रत्येक व्हिडिओपुढे दोन रकाने असतात: चित्रण कधी, प्रसिद्धी कधी. मधली बावीस वर्षं हीसुद्धा माहितीच आहे. जुनं चित्रण बाहेर काढायचं कुणाला, कधी आणि का सुचलं?

आणि इथूनच गोष्ट आपल्या राज्यात येते. मार्च १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला या बँडचं चित्रण झालं, 'लाइव्ह आफ्टर डेथ'. इजिप्तच्या देवळासारखा रंगमंच, मागे अवाढव्य ममी. या व्हिडिओची डीव्हीडी फेब्रुवारी २००८ मध्ये आली. त्याच सुमारास बँडने ऐंशीच्या दशकातली गाणी आणि तोच इजिप्ती थाट घेऊन जगाचा दौरा काढला. बोइंग ७५७ विमान, आणि ते चालवायला खुद्द गायक डिकिन्सन! दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला १ फेब्रुवारी २००८ ला, मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात. थोडक्यात, आपल्याच जुन्या व्हिडिओची उजळणी बँडने मुंबईच्या मैदानावर सुरू केली. यात आठवण किती आणि डीव्हीडीचा धंदा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला ते वेगळं काढायची गरजही वाटत नाही.

या दौऱ्यावर 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट २००९ मध्ये आला. त्याच्या डीव्हीडीत माहितीपटाबरोबर एक पूर्ण मैफलही आहे. बघताना ती सलग वाटते. प्रत्यक्षात गाणं बदललं की शहर बदलतं! पहिलं 'एसेस हाय' मुंबईचं, पुढचं मेलबर्नचं, मग सिडनी, मग टोकियो. अशी मैफल कुठल्याच रात्री झाली नाही. मुंबईच्या संध्याकाळीपैकी त्या मैफलीत उरलं ते एवढं एक गाणं. तेव्हा 'मुंबईचे श्रोते कसे होते' यासाठी ही डीव्हीडी चार-पाच मिनिटांपुरतं प्राथमिक साधन आहे. पण 'बँडला जगापुढे स्वतःला कसं मांडायचं होतं' यासाठी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत प्राथमिक आहे. साधन तेच, प्रश्न बदलला की त्याची जात बदलते. मुंबईच्या श्रोत्यांवरच काम करायचं असेल तर दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं, तिकिटं, हजर असलेल्यांच्या मुलाखती, असं सगळं शोधावं लागेल.

तुम्ही म्हणाल, आमचा विषय किल्लारीचा भूकंप, आम्हाला हे कशाला? अहो, तिथे तर जास्त लागतं. भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. कॅमेरे पोचले त्यानंतर. त्यामुळे चित्रणात दिसतात ते ढिगारे, मदतकार्य, पुढाऱ्यांचे दौरे. त्यावर पुढे कुणी करुण संगीत घातलं, कुणी निवेदन घातलं, कुणी दुसऱ्याच गावाची दृश्यं जोडली, तर ते थर एकेक करून सोलावे लागतात. सिनॉप्सिसमध्ये साधनांच्या यादीत नुसतं 'यूट्यूब' लिहू नका. चित्रण कुणाचं, कोणत्या दिवशीचं, कोणत्या गावातलं, जोडकाम कुणी केलं आणि ते लोकांपुढे कधी आलं, एवढं प्रत्येक व्हिडिओपुढे लिहा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो.