पत्ती

आमच्या बिरसीच्या बाजारात नोटेला 'पत्ती' म्हणतात. "गुर्जी, पत्ती मोडून देता का जी?" असे कुणी विचारले, की सुट्या पैशांसाठी खिसा चाचपावा. हिंदीतल्या 'हरी पत्ती'चीच ही बहीण. इकडे येताना रंग तेवढा मागे ठेवून आली.

शब्द उनाड खरा, पण शहाणा आहे. पानाला धन मानण्याची आपली रीत जुनीच. रघुराजासाठी कुबेराने आपट्यावर सुवर्णमुद्रांचा पाऊस पाडला, अशी कथा आहे. म्हणून दसऱ्याला आपण आपट्याचे पान 'सोने' म्हणून वाटतो. तिथे पानाचे सोने श्रद्धा करते. नोटेच्या बाबतीत ते काम सरकारचे वचन करते.

१८६१ च्या कायद्याने नोटा काढण्याचा हक्क एकट्या सरकारकडे गेला. तरी लोकांचा भरवसा खणखणत्या चांदीवरच होता. पहिल्या महायुद्धात चांदी महागली, तेव्हा १९१७ साली एक रुपयाची नोट निघाली. १९२६ साली ती बंद झाली. पुढे १९४० साली इंग्रजांनी युद्धासाठी बिरसीला विमानांची धावपट्टी बांधली, आणि त्याच वर्षी ती नोटही पुन्हा निघाली. युद्ध आले, की चांदी दडते आणि पत्तीला पालवी फुटते!

पालवीमागून पानगळही येते. १९४६, १९७८ आणि २०१६ अशा तीन वेळा मोठ्या नोटा रद्द झाल्या. पहिल्या दोन खेपांना तेवढी मोठी नोट खेड्यात होती कुणाकडे? पण ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्री पाचशेची नोटही गेली, आणि ती घरोघरी डब्यांत होती. गावातल्या एका आजीने नोटांची घडी माझ्यापुढे उलगडून विचारले, "पत्ती वाळली का जी?"

बँकेत बदलून मिळतील, असे मी तिला समजावले. तरी तिचा प्रश्न मनातून जाईना. उन्हाळ्यात पहाटे रानात जाऊन तिने तेंदूची पाने तोडली होती, मोजून त्यांचे पुडके बांधले होते. बिडीच्या त्या पानांचीच ही पत्ती झाली होती. तिने दिलेल्या पानात श्रम होते. तिला मिळालेल्या पानात दुसऱ्याचा शब्द होता. तिच्या बाजूने व्यवहार केव्हाच पुरा झाला होता.

यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर नोटा मांडाल, तेव्हा शेजारी तेंदूचे एक पान ठेवायला हरकत नाही.