विमानावर सही कोणाची?

वर्गात 'विमानाचा शोध कोणी लावला?' असे विचारले की 'राईट बंधूंनी' हे उत्तर एका सुरात येते. पुढचा प्रश्न विचारून पाहा. १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेल्या त्या विमानाचे इंजिन कोणी बनवले? बहुधा शांतता पसरेल. मला स्वतःला हे उत्तर पीएच.डी. झाल्यावर कळले, तेव्हा मुलांना हसण्याचे कारण नाही.

त्याचे नाव चार्ली टेलर. डेटन गावातील राईट बंधूंच्या सायकल दुकानात तो १९०१ मध्ये नोकरीला लागला. दोघे भाऊ किटी हॉकच्या वाळूवर प्रयोग करायला गेले की मागे दुकान सांभाळायचा. पुरेसे हलके इंजिन कोणी बनवून देईना, तेव्हा टेलरने दुकानातल्या लेथवर आणि ड्रिलवर ते सुमारे सहा आठवड्यांत तयार केले. रीतसर नकाशे नव्हते. कागदाच्या चिठोऱ्यावर आकृती काढायची, ती बाकाशी टाचायची आणि कामाला लागायचे. क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या अखंड तुकड्यातून कोरून काढला. इंजिनाची शक्ती होती सुमारे १२ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या एखाद्या मोटारसायकलीएवढी.

विमान देखभालीच्या पेशाचा हा मूळपुरुष. १९११ मध्ये कॅल रॉजर्स या वैमानिकाने राईट विमानातून न्यूयॉर्क ते कॅलिफोर्निया असा अमेरिकेच्या आरपार प्रवास केला, तेव्हा विमानाच्या बरोबरीने एक आगगाडी धावत होती. तीत सुटे भाग होते आणि टेलर होता. विमान वाटेत इतक्या वेळा आपटले, की मुक्कामाला पोहोचले तेव्हा मूळचे मोजकेच भाग शिल्लक होते. 'मोडले की दुरुस्त करायचे' ही देखभालीची पहिली रीत. सायकलीच्या दुकानातली, बैलगाडीच्या सुताराकडचीही हीच.

पण हवेत ही रीत पुरत नाही, हे तोवर दिसून चुकले होते. १७ सप्टेंबर १९०८ रोजी फोर्ट मायर येथे ऑर्व्हिल राईट लेफ्टनंट सेल्फ्रिज यांना बरोबर घेऊन उडाले असता पंख्याच्या पात्याला तडा गेला, विमान कोसळले आणि सेल्फ्रिज मरण पावले. इंजिनाच्या विमानात बसून मृत्यू आलेले ते पहिले गृहस्थ. बैलगाडीचा आस मोडला तर गाडी थांबते. विमानाचे पाते मोडले तर थांबायला जागा नसते. म्हणजे मोडण्याआधीच कळायला हवे.

कळायचे कसे? येथे एक छोटा प्रयोग वर्गात जरूर करा. प्रत्येक मुलाला एकाच डब्यातील कागदाची एक पिन द्या. ती सरळ करून एकाच जागी मागे-पुढे वाकवायला सांगा आणि मोडेपर्यंत किती वेळा वाकली ते मोजायला लावा. दोन गोष्टी दिसतील. एकदा वाकवून न मोडणारी तार पुन्हा पुन्हा वाकवल्याने मोडते. याला धातूची श्रांती म्हणतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एकाच डब्यातील पिना असूनही प्रत्येकाचा आकडा निराळा येतो. 'अमुक वेळा वाकली की मोडणार' असे एका पिनेबद्दल सांगताच येत नाही.

हा धडा विमानउद्योगाला फार महागात शिकावा लागला. कॉमेट हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान २ मे १९५२ रोजी सेवेत दाखल झाले. जानेवारी १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ अशी दोन कॉमेट विमाने हवेतच फुटली. उंचावर प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवेचा दाब वाढवलेला असतो. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचे कवच फुग्यासारखे किंचित फुगते आणि उतरल्यावर पुन्हा पूर्ववत होते. फार्नबरोच्या संशोधकांनी एक अख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून हे फुगणे-ओसरणे हजारो वेळा घडवले. आधीची खरी उड्डाणे धरून ३०००च्या थोड्या पुढे कवच फाटले. एल्बाजवळचे विमान मात्र १२९० उड्डाणांतच फुटले होते. आपल्या पिनांचीच गोष्ट.

तेव्हापासून देखभालीच्या कामाचे रूप पालटले. हाताइतकेच डोळ्याला महत्त्व आले. तडे जाणारच, हे गृहीत धरायचे. ते धोकादायक होण्याआधी कोणीतरी शोधायचे. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. हा 'कोणीतरी' कसा असतो, त्याचा विचार व्हायला आणखी तीस-पस्तीस वर्षे जावी लागली.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवरील अलोहा कंपनीचे बोईंग ७३७ विमान हिलोहून होनोलुलूला निघाले. २४,००० फुटांवर असताना पुढच्या भागाचे सुमारे १८ फूट लांबीचे छत उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मृत्युमुखी पडली. उघड्या विमानातल्या बाकी सर्वांना वैमानिकांनी माउई बेटावर जिवंत उतरवले, हे आजही अद्भुत वाटते. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर अशा छोट्या फेऱ्या करून या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. सोबतीला खारी हवा. पत्र्यांच्या जोडातील चिकटद्रव सुटून सारा भार रिवेटांवर आला होता आणि रिवेटांच्या छिद्रांपाशी तडे गेले होते. विमानात चढताना एका प्रवासी बाईंना दाराजवळ तडा दिसलाही होता. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत.

चौकशी समितीने देखभालीवर ठपका ठेवला. पण अहवाल तेवढ्यावर थांबत नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. तपासनिसाचे काम कसे चालते, याचे त्यात वर्णन आहे. हातात प्रखर दिवा घेऊन परांचीवर चढायचे आणि विमानाच्या पाठीवरून सरकत जायचे. घसरून पडू नये म्हणून प्रसंगी हँगरच्या तुळयांना बांधलेल्या दोराचा आधार घ्यायचा. एकामागून एक शेकडो रिवेट, प्रत्येकाभोवती केसाएवढा तडा आहे का ते पाहायचे. रिवेटमागून रिवेट ठीक निघाला, की पुढचाही ठीकच असणार असे मन धरून चालते. यात आळस नाही, हा मनाचा स्वभावच आहे.

ही गोष्ट मानसशास्त्राला नवी नव्हती. १९४८ मध्ये मॅकवर्थ या ब्रिटिश संशोधकाने रडारवर पहारा करणाऱ्यांचा प्रश्न हाती घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. एक काटा ठरावीक टप्प्यांनी सरकतो, क्वचित एकदम दोन टप्पे उडी मारतो. ती उडी ओळखायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांच्या नजरेतून अधिक उड्या निसटू लागल्या. मी धातूंच्या श्रांतीवर काम करतो. उमेदवारीच्या काळात दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली नमुने पाहिल्यावर 'तडा नाही' असे मी एकदा वहीत लिहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या सहकाऱ्याने चहाचा कप हातात असताना, सहज डोकावून, तो तडा मला दाखवला. माझ्या त्या नमुन्यावर कोणाचा जीव अवलंबून नव्हता, एवढेच.

दोनच वर्षांनी, १० जून १९९० रोजी, बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची समोरची काच हवेत निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, ते वाचले. काच त्या उड्डाणाआधी रात्रपाळीत बदलली होती. नव्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्टांचा व्यास इंचाच्या २६ सहस्रांशांनी कमी होता; उरलेले ६ आखूड होते. काम करणारा पाळीप्रमुख अनुभवी होता. मनुष्यबळ कमी, म्हणून काम त्याने स्वतःवर घेतले. जुना बोल्ट हातात धरून, अपुऱ्या उजेडात, नजरेने जुळवून त्याने नवे निवडले. भांडारपालाने योग्य क्रमांक सांगितला होता, तो त्याने मानला नाही. आणि काम दुसऱ्याने तपासावे असा नियम त्या काचेला लागूच नव्हता. ती 'अतिमहत्त्वाच्या' यादीत नव्हती. त्या माणसाला दोष द्या, पण त्या यादीचे काय?

या दोन घटनांनंतर थकवा, रात्रपाळी, उजेड, पाळी बदलताना द्यायचा निरोप हे विषय देखभालीच्या अभ्यासक्रमात आले. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना या पेशाबद्दल सांगताना हे ठाऊक असावे. अमेरिकेत मेकॅनिकचा पहिला परवाना १९२७ मध्ये दिला गेला. आपल्याकडे १९३७च्या विमान नियमांत परवान्याची तरतूद आहे. बारावीला भौतिकी, रसायन, गणित घेतलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत शिकून, नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या जोरावर परवाना मिळवतो. बी-वन म्हणजे सांगाडा, इंजिन, यांत्रिक भाग पाहणारा. बी-टू म्हणजे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा पाहणारा. काम पुरे झाल्यावर 'विमान उड्डाणास योग्य' या कागदावर त्याची सही लागते. परवाना नसलेलीही पुष्कळ माणसे तेथे असतात : पत्राकाम करणारे, भोवरा-प्रवाहाच्या उपकरणाने आतले तडे शोधणारे, कामाचे वेळापत्रक आखणारे. आणि तो भांडारपाल. त्याला आपण कारकून समजतो. त्या रात्री बरोबर क्रमांक त्याच्याचकडे होता.

टेलरचे पुढे काय झाले? मंदीच्या काळात त्याचे पैसे बुडाले आणि तो कॅलिफोर्नियातल्या एका विमान कारखान्यात साध्या कामगाराच्या जागी राबत होता. हेन्री फोर्डने राईट बंधूंचे दुकान संग्रहालयासाठी पुन्हा उभारायला घेतले, तेव्हा त्याला शोधून काढले. १९५६ मध्ये तो वारला. २४ मे हा त्याचा जन्मदिवस आता अमेरिकेत विमान देखभाल तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळतात.

आज बोईंग ७८७ सारख्या विमानाचे निम्मे वजन धातूचे नसून कार्बनतंतू आणि राळ यांच्या थरांचे आहे. त्यात आतले थर सुटले तर बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची उपकरणे आहेत, पण एक साधी युक्तीही आहे. छोट्या हातोडीने किंवा नाण्याने पृष्ठभागावर हलकेच टकटक करीत जायचे. जोड धड असेल तर आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तेथे बद्द. कुंभाराकडून माठ घेताना आपली आजी बोटाने टिचकी मारून पाहते, तेच हे. वर्गात एक धड आणि एक तडकलेले मडके आणून मुलांना डोळे मिटायला सांगा आणि कोणते कोणते ते ओळखू द्या. मग तोच खेळ वीस मिनिटे चालू ठेवा आणि चुका केव्हा वाढू लागतात त्याची नोंद करा.