तीन मीटर तांब्याचे कूळ

ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतची केबल घरी बनवणाऱ्याबद्दल दोन मते ठाम असतात. काहींना ती महागड्या केबलची स्वस्तातली नक्कल वाटते. काहींना वाटते, वायर ती वायर, त्यात बनवायचे काय? केबलचे कूळ तपासले तर दोन्ही मते टिकत नाहीत. हाय-फायच्या इतिहासात घरची केबल थोरली आहे आणि दुकानातली धाकटी. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्या गुणांच्या नावाने या दोन्ही केबल 'सुधारल्या' जातात, ते बहुतेक गुण संगीतासाठी शोधलेच गेले नव्हते. ते तारायंत्र आणि टेलिफोन यांच्या गरजेतून आले आणि ती गरज अंतराची होती. कोणता गुण अंतरासाठी होता आणि कोणता तीन मीटरांतही कामाचा आहे, हे वेगळे करता आले तर घरी केबल सुधारताना कष्ट कुठे घ्यायचे हेही कळते.

सुरुवात समुद्राच्या तळाशी आहे. 1858 साली आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळावर तार टाकली गेली. मधोमध तांबे, त्याभोवती गटापर्चाच्या चिकाचे आवरण आणि वर लोखंडी तारांचे चिलखत. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पलीकडे जायला सुमारे 16 तास लागले आणि काही आठवड्यांतच ती तार मुकी झाली. संकेत का रेंगाळतो, याचे गणित विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी आधीच मांडले होते. आवरणात वेढलेली तार हा स्वतःच एक लांबलचक कपॅसिटर असतो. तो भरायला वेळ लागतो आणि तो वेळ लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. याच थॉमसन यांनी 1857 साली बाजारातल्या तांब्याचे नमुने मोजले, तेव्हा सारख्याच दिसणाऱ्या तारांच्या वाहकतेत मोठी तफावत निघाली. तांबे किती शुद्ध आहे यावर समुद्राखालच्या तारेचे नशीब ठरत होते. 'ऑक्सिजनमुक्त तांबे' ही आजच्या केबलच्या वेष्टनावरची मिरवण त्याच चिंतेची वंशज आहे. 1866 साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने अटलांटिकची तार यशस्वी केली आणि 1870 साली त्याच जहाजाने मुंबईहून एडनकडे तार टाकली. पुढे विद्युत-शुद्धीकरणाने तांब्याचा प्रश्न सुटला आणि 1913 साली वाहकतेचे आंतरराष्ट्रीय मानकही ठरले. आज घरात भिंतीतून फिरणाऱ्या चांगल्या वायरीतले तांबे आणि ऑक्सिजनमुक्त तांबे यांच्या वाहकतेत जेमतेम एका टक्क्याचा फरक उरतो. तो भरून काढायला वायर किंचित जाड घेतली की पुरे. लांबीचा वर्गही विसरू नये. 3200 किलोमीटरपेक्षा 3.2 मीटर दहा लाख पटींनी लहान, म्हणजे थॉमसन यांची ती रेंगाळ इथे एक लाख कोटी पटींनी कमी.

केबलचे बाकीचे अवयव टेलिफोनच्या घरचे. ऑलिव्हर हेविसाइड यांनी 1880 साली एका वाहकाभोवती दुसरा वाहक गुंडाळण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. आज प्लेअर आणि ॲम्प्लिफायर यांना जोडणारी जाळीची केबल त्याच घराण्यातली. 1881 साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दोन तारा एकमेकींना पीळ घालून नेण्याची युक्ती नोंदवली. शेजारच्या तारेची कुजबुज पिळातल्या दोन्ही तारांत सारखीच शिरते आणि पलीकडे वजा होऊन जाते. हेडफोनची जाड पिनही टेलिफोन एक्स्चेंजमधली. ऑपरेटर दिवसातून शेकडो वेळा जी खुपसत आणि काढत, तिचेच हे रूप. आरसीए पिन मात्र घरगुती आहे. अमेरिकेतल्या रेडिओ कॉर्पोरेशनने 1930च्या दशकात ती रूढ केली आणि रेडिओच्या पेटीला ग्रामोफोन जोडण्यासाठी ती वापरात आली. तिच्यात एक जन्मखोड आहे. मधला काटा आधी टेकतो आणि बाहेरचे कडे नंतर, म्हणून चालू यंत्रात ती खुपसली की स्पीकर दणका देतो. नव्वद वर्षे झाली तरी ही खोड गेलेली नाही, कारण पिन स्वस्त आहे आणि सगळीकडे बसते.

आता घराकडे. 1947 साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा ॲम्प्लिफायर छापून आला तो वाचकांनी स्वतः बांधावा म्हणून, आणि जगभर लोकांनी तो बांधला. पाठोपाठ हीथकिटसारखे सुट्या भागांचे संच आले. त्या पिढीला 'घरी केबल बनवली' हे सांगण्याजोगे वाटलेच नसते. पत्र्याला भोके पाडणारा, ट्रान्सफॉर्मर बसवणारा माणूस शेवटी दोन तारांना डाग देऊन पिन लावणारच. स्पीकरला तर टेबललॅम्पची वायर लावत आणि ध्वनितंत्रातल्या जाणत्यांना त्यात वावगे दिसत नसे. 1970च्या दशकात चित्र पालटले. झाँ हिरागा यांच्यासारखे लेखक केबलच्या आवाजाविषयी लिहू लागले आणि त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल काढून जाड, देखणी वायर हा स्वतंत्र विक्रीचा माल केला. हे तेव्हाच का व्हावे? माझे मत असे की तोवर व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले होते, यंत्रे कारखान्यातून बंद होऊन येत होती आणि रसिकाच्या हाताला उघडता येईल अशी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे केबल. सगळ्या यंत्रावर चालणारा हात त्या एका जागी येऊन थांबला. घरी केबल विणणारा आजचा माणूस विल्यमसनच्या वाचकांचाच वारस आहे.

यावर रसिकांचा आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, कूळ काहीही असो, आम्हाला फरक ऐकू येतो. काही वेळा तो खरोखरच येतो आणि त्याचे कारण मोजता येते. 1983 साली 'स्टीरिओ रिव्ह्यू'ने नावे झाकून स्पीकरच्या वायरी ऐकवल्या. अगदी बारीक, 24 गेजची वायर ओळखू आली, कारण तिच्यात आवाजाची पातळी घटत होती. 16 गेजची साधी वायर आणि महागडी केबल मात्र संगीत ऐकताना वेगळ्या काढता आल्या नाहीत. गणितही हेच सांगते. 5 मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन 10 मीटर तांबे लागते. 24 गेजमध्ये त्याचा रोध सुमारे 0.84 ओहम होतो. स्पीकरचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो. तो एका स्वराला 4 ओहम आणि दुसऱ्याला 20 असेल, तर पहिल्या ठिकाणी दीड डेसिबलहून अधिक घट होते आणि दुसऱ्या ठिकाणी अर्ध्या डेसिबलहूनही कमी. हा तोलातला बदल कानाला कळतोच. इलेक्ट्रिशियन जिला 'अडीचची वायर' म्हणतात ती घेतली की रोध 0.08 ओहमच्या आत येतो आणि प्रश्न मिटतो.

दुसरा आक्षेप विणकऱ्यांचा. संगणकाच्या जाळ्यासाठीची कॅट-फाइव्ह केबल सोलून, तिच्या पिळाच्या जोड्या वेणीसारख्या गुंफून स्पीकरची केबल करण्याची पाककृती प्रसिद्ध आहे. बेल यांची 1881ची युक्ती अशी संगणकाच्या वाटेने परत दिवाणखान्यात आली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. तिच्यात तथ्यही आहे. फ्रेड डेव्हिस यांनी 1991 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात केबलांची मोजमापे दिली, त्यांत रोध आणि इंडक्टन्स दोन्ही कमी असलेल्या, अनेक तारांच्या रचना सरस ठरल्या. पण लाभ लहान आहे. साध्या जोडवायरीचे 3 मीटरला जे इंडक्टन्स असते, ते 20 हजार हर्ट्झला जेमतेम पाव ओहम अडथळा करते. उलट कॅट-फाइव्हच्या एका जोडीची कपॅसिटन्स मीटरमागे 50 पिकोफॅरडच्या आसपास असते. 27 जोड्या समांतर जोडल्या की 3 मीटरला चार हजारांवर जाते आणि नाजूक रचनेचे काही ॲम्प्लिफायर अशा भाराने अस्थिर होतात. वेणी जरूर विणावी, पण आधी ॲम्प्लिफायर कोणता हे पाहून.

मग घरच्या हाताने खरे काय साधते? पहिले साधते ते रेकॉर्ड प्लेअरच्या केबलमध्ये. हलत्या चुंबकाच्या पिकअपचे इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या घरात असते. त्याला एकूण 250 पिकोफॅरड कपॅसिटन्स मिळाली तर दोघांचा अनुनाद 14 हजार हर्ट्झच्या आसपास येतो. 500 मिळाली तर तो 10 हजारांवर उतरतो आणि सतारीच्या तारांचा, झांजांचा रंगच बदलतो. बाजारातली तयार केबल ठरावीक लांबीची असते. घरी कमी कपॅसिटन्सची वायर निवडून ती लागेल तेवढीच, हातभर कापता येते. दुसरे साधते ते जाळीचे काम. जाळीचा एक धागा तुटून काट्याला लागला तर आवाजच बंद होतो आणि जाळी पिनच्या कड्याला नीट जुळली नाही, तर घरघर सुरू होते आणि कोणतेही शुद्ध तांबे ती थांबवत नाही. आणि तिसरा, माझ्या लेखी सर्वांत मोठा, सांध्याचा डाग. राळ भरलेली सोल्डर वायर, स्वच्छ घासलेले तांबे, आधी सांधा तापवून मगच कथील, आणि ते थिजेपर्यंत न हललेला हात. डाग गुळगुळीत बसला तर वर्षानुवर्षे टिकतो. ड्राय सोल्डर झाला तर आज ना उद्या करकर सुरू होते. ही विद्या अटलांटिकच्या तारेहूनही जुनी आहे आणि तिला अंतराशी देणेघेणे नाही. तीन मीटरांतही ती तेवढीच लागते.

त्यासाठी लागणारे सामान पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळते. पण खरेदीला निघण्यापूर्वी घरातल्या जुन्या केबलच्या पिनेचे टोपण फिरवून काढा आणि आतला डाग पाहा. तो काळपट, खडबडीत दिसला तर नवी वायर घेण्याआधी तो पुन्हा लावा.