टाक्यांचा हिशेब : हातविणीच्या भेटींच्या अभ्यासाला प्रस्तावना

कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत ज्या वेगानं कापड निघतं, त्याच्याशी माणसाच्या हाताची बरोबरी लावणंच चुकीचं. इंडो काउंटच्या चादरी इथून परदेशी जातात, रेमंड लक्झरी कॉटन्सचं उंची शर्टिंग इथंच विणलं जातं. आधुनिक मागावर मिनिटाला शेकडो आडवे धागे भरले जातात. तेवढ्या वेळात दोन सुयांवर हात बसलेली बाई तीसेक टाके घालते. मग शिफ्ट संपवून घरी आलेली कामगार बाई जेवणं उरकल्यावर नणंदेच्या बाळासाठी मोजे विणायला का बसते? मोजे बाजारात तयार मिळतात, स्वस्तही मिळतात. प्रश्न भाबडा वाटेल, पण हातविणीच्या भेटींचा अभ्यास सुरू होतो तो इथूनच. आणि तो विचारायला कागलच्या आसपासच्या मुलखाइतकी सोयीची जागा मला दुसरी दिसत नाही.

याचं एक उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: यंत्रानं हाताला मारलं, तरी काही हात चिवटपणे तगून राहिले. मला ते पटत नाही. घरोघरचा विणकामाचा छंद यंत्राच्याच पोटी जन्माला आला आहे. अंग झाकायचं कापड हातानंच करावं लागत होतं, तोवर ते काम होतं. हौस म्हणण्याची चैन त्यात नव्हती. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये यंत्रमाग बसवला. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात कापडगिरणी उभी केली. त्याच काळात मुलींच्या शाळांतून शिवण-विणकामाचे तासही रुळत होते. यंत्रमाग आणि क्रोशाची सुई आपल्याकडे जवळजवळ बरोबरीनंच रुजली. क्रोशाचा तो गुळगुळीत, चकाकणारा दोरा तरी कुणाचा? जॉन मर्सर या इंग्रजानं 1844 च्या सुमारास कॉस्टिक सोड्यात सूत बुडवून ते बळकट होतं हे पाहिलं. शतकाच्या अखेरीस ते ताणून धरून बुडवण्याची युक्ती निघाली आणि सुताला चमक आली. आजीनं विणलेल्या रुमालात ही सगळी रसायनशाळा आहे.

मात्र या मुलखातलं विणकाम गिरणीपासून सुरू होत नाही. एमआयडीसीच्या शेजारच्या पट्टणकोडोलीकडे पाहा. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं पिवळं होणारं हे गाव घोंगड्यांसाठीही ओळखलं जातं. धनगर मेंढ्या राखतात, लोकर कातरतात. सणगर खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ असते. आषाढातल्या पावसात मेंढपाळाच्या डोक्यावर ती लाखमोलाची, पण तान्ह्या गालाला टोचते. म्हणून मेंढरांच्या या मुलखात टोपडी विणली जातात ती बहुतेक लुधियानाकडून येणाऱ्या धाग्याची. दुकानदार त्याला लोकर म्हणतो. असतं बहुधा अॅक्रिलिक. (नव्या अभ्यासकानं हे स्वतः तपासावं. धाग्याचं टोक जाळून बघा: खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते, अॅक्रिलिकचा कडक मणी होतो.)

सीमेपलीकडे, बेळगाव जिल्ह्यातल्या कारदग्यात, बाळ जन्मलं की धनगराच्या घरून त्याच्यासाठी काळ्या केसांचा हातानं वळलेला कंडा, म्हणजे मनगटातलं कडं, देण्याची रीत आहे. त्याच गावात मेंढपाळ पुरुषानं दोरीची जाळी विणायची, आणि चालू न शकणारी कोकरं तीत घालून रानोमाळ न्यायची, अशीही परंपरा आहे. पूर्वी त्यासाठी घायपाताचे तंतू काढत. आता तयार दोरा वापरतात. विणणं म्हणजे बायकांचा रिकामपणचा उद्योग, असं गृहीत धरून या विषयात येणाऱ्यानं आधी ही जाळी बघून यावी.

वर्षअखेरीला नाताळच्या झाडाखाली ठेवायच्या विणलेल्या भेटी युरोप-अमेरिकेत सणाशी बांधलेल्या आहेत. आपल्याकडे हातची भेट सणापेक्षा माणसाच्या आयुष्यातल्या प्रसंगाला धरून असते. बाळंतविडा घ्या: झबली, टोपडी, कुंची, दुपटी. यातलं दुपटं जुन्या लुगड्याचंच का हवं, याचं कारण भावनेत शोधायला जाऊ नये. शंभर वेळा धुतलेल्या सुताला जो मऊपणा येतो, तो कोऱ्या कापडाला नसतो, आणि जुनं झालेलं कापड विकणारा कारखाना अजून कुणी काढलेला नाही. आमच्या भागात जिला वाकळ म्हणतात, तिचंही तेच. धावदोऱ्यानं एकावर एक शिवलेले जुन्या लुगड्या-धोतरांचे थर अंगाला लगेच ओळख देतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने वेगळ्या जातीचे: मंद आचेवर तिळाला चमचा-चमचा पाक पाजत काटा आणायचा, आणि मग त्या दाण्यांचे हार-बांगड्या ओवायच्या. कष्ट काही दिवसांचे, मिरवायचं एक संध्याकाळ. रुखवताबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. क्रोशाची तोरणं, मण्यांचे गणपती, लोकरीची फुलं मांडलेलं ते टेबल म्हणजे अर्धी भेट आणि अर्धी परीक्षा. आणि परीक्षक सासरचे.

भेटीच्या या दुतोंडी स्वभावावर मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1925 मध्ये एक दीर्घ निबंध लिहिला. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं एकात एक गुंतलेली असतात, असं त्याचं म्हणणं. मराठी वाचकाला ते समजावून सांगायला नकोच. दिवाळीत शेजारणीकडून आलेलं फराळाचं ताट रिकामं परत करायचं नसतं, एवढं घरातल्या पोरालाही ठाऊक असतं. पण फराळ सगळ्या आळीला जातो. विणलेला स्वेटर एकाच अंगाचा असतो. खांद्याची रुंदी, हाताची लांबी, मान काढायला गळा पुरेल की नाही, हे सगळं मापात येतं. विणणारीला काही आठवडे दुसऱ्याचं शरीर मनात वागवावं लागतं. मोसच्या वाचकांनी या मुद्द्याकडे अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला वाटतं.

विणण्यातली बुद्धीही कमी लेखली जाते. टोपडं गोल विणताना मुक्या खांबांच्या प्रत्येक फेरीत साधारण सहा टाके वाढवले तर चकती सपाट पडते. वाढवणं थांबवलं की ती वाटीसारखी वळते, म्हणजेच टोपडं होतं. सहापेक्षा पुष्कळ जास्त वाढवले तर कड झालरीसारखी उसळते. ही झालर गणितात मोठ्या मानाची निघाली. डायना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्रोशानंच अतिवलयी (हायपरबोलिक) पृष्ठभाग विणून दाखवला. कागदाची प्रतिकृती विद्यार्थ्यांच्या हातात फाटायची, ही फाटेना. आपल्या घरातल्या बायका तीच झालर बाहुलीच्या घागऱ्याला लावत आल्या आहेत, सूत्राशिवाय.

आनंदाचं काय? ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या नियतकालिकात 2013 मध्ये सुयांवर विणणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. वरचेवर विणणाऱ्यांनी आपल्याला अधिक शांत वाटतं असं सांगितलं. पाहणी हौशी लोकांचीच होती, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावा. तरी सुलट-उलट सुलट-उलट करत ओळी चढत जाताना श्वास संथ होतो, हे विणणाऱ्या कुणालाही विचारा. मला त्याहून मोलाचं वाटतं ते उसवणं. मागावरच्या कापडात ताणा आणि बाणा वेगळे. सुयांवरचं कापड मात्र एकाच धाग्याचं, त्यामुळे टोक सापडलं की सगळं परत धागा होतं. थोरल्याचा स्वेटर उसवायचा, लडी धुऊन वाळवून कुरळेपण घालवायचं आणि धाकटीचा विणायचा. चुकीला इतकी स्वस्त माफी देणारे छंद फार नाहीत.

आता या अभ्यासाची अवघड बाजू. सुयांवरचं विणकाम यंत्रानं केव्हाच उचललं. विल्यम लीची मोजे विणायची चौकट 1589 ची. क्रोशा मात्र हातातच राहिला आहे. त्याची नक्कल करणाऱ्या लेसा यंत्रावर निघतात, पण खरा क्रोशा विणणारं यंत्र आजही कारखान्यांत नाही. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तात टांगलेला खऱ्या क्रोशाचा टॉप कुणातरी बाईनं हातानं विणलेला असतो, आणि तिला काय मिळालं असेल याचा अंदाज किमतीच्या चिठ्ठीवरून करता येतो. मारिया मीस यांनी आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर 1982 मध्ये जे पुस्तक लिहिलं, ते यासाठी आधी वाचावं. दिवसाचे कित्येक तास विणूनही त्या बायका 'घरीच असतात' असं मानलं जाई, म्हणून त्यांच्या कामाला मजुरीचा योग्य दर मिळत नव्हता.

आपल्या बचत गटांच्या प्रदर्शनांतही हाच पेच आहे. टेबलावर मोजे, तोरणं, बाहुल्या मांडलेल्या असतात. किंमत विचारली की धाग्याचा खर्च अधिक थोडंसं, असा आकडा येतो. तास कुणी धरत नाही. एमआयडीसीतल्या हंगामी कामगाराच्या रोजानं ते तास मोजले, तर टोपड्याची किंमत ऐकून गिऱ्हाईक पुढच्या टेबलाकडे जाईल. विणणारीला हे माहीत असतं, म्हणून ती चार टोपडी विकते आणि पाचवं कुणाला तरी तसंच देऊन टाकते. या पाचव्या टोपड्याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. नव्या अभ्यासकांनी वही घेऊन यावं ते त्याच्यासाठी: कुणी विणलं, कुणासाठी, धागा कुठला, आधी कशाचा उसवलेला, आणि बदल्यात काय आलं.